ठिपका कुठं बसवायचा

बंदुकीवर लाल ठिपक्याची नळी नेमकी कुठं बसवावी, या प्रश्नावर पश्चिम मांबळममधल्या आमच्या गल्लीत सतरा दिवस चर्चा झाली. सतरा दिवसांत कुठं कुठं सरकारं पडतात. आमच्याकडे एक स्क्रू बसला, आणि तोही तीनदा.

बंदुकीचं आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कोणी भलताच माणूस आहे. बंदूक छर्‍याची. बंदूक मधोमध मोडून नळी खाली ओढायची, म्हणजे आतली स्प्रिंग ताणली जाते. मग एक मसुरीएवढा छर्रा घालायचा आणि नळी परत सरळ करायची. या बंदुकीनं आजवर एकही कावळा मेलेला नाही. उलट आवाज झाला की दोन-तीन कावळे चौकशीला येतात. पण वर्षातून एक दिवस ती शस्त्र असते, आणि त्या एका दिवसासाठी मी उरलेलं वर्षभर तिला तेल देतो.

आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. मद्रासमध्ये ट्रिप्लिकेनला आमच्या मंडळाचा एक लहान हॉल आहे, पुढं अंगण आहे. दसऱ्याच्या सकाळी त्या अंगणात केळीचा खांब रोवतात आणि खांबाच्या आडव्या काठीला सुतळीनं एक मडकं टांगतात. मडक्यात हळदीचं पाणी. पूर्वी म्हणे बाण मारायचे. शहरात आल्यावर बाण गेले आणि छर्‍याची बंदूक आली. पंधरा पावलांवरून मडकं फोडायचं, पिवळी धार लागली की शमीची पानं सोनं म्हणून एकमेकांना द्यायची, आणि मग पंगत. हा क्रम ध्यानात ठेवा. मडकं फुटल्याशिवाय पान वाढत नाहीत. सकाळपासून उपाशी असलेली ऐंशी माणसं आणि त्यांचं जेवण, यांच्यामध्ये एकटं ते मडकं लटकत असतं.

ते फोडायचा मान माझ्या वडिलांचा होता, त्यांच्यानंतर माझा. एकतीस वर्षं मी फोडलं. आणि त्र्याण्णव साली मी सात छर्रे मारले. पहिले सहा कुठं गेले ते कुणालाच कळलं नाही. सातवा पायसमच्या, म्हणजे खिरीच्या, पातेल्यावर जाऊन टण्ण वाजला. तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी शांतपणे चालत गेले, छत्रीच्या टोकानं त्यांनी मडक्याला ढुशी दिली, आणि लोक जेवायला बसले. वर म्हणाले, "पंगत खोळंबायला नको."

हे सेक्रेटरी म्हणजे व्यंकोजी, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सरकारी कचेरीतून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे घरातल्या मीठ-मिरचीवरही ठराव करतो. त्यानं पुढच्याच बैठकीत ठराव मांडला : यापुढं छर्रे तीन. तिन्ही फुकट गेले तर मान कायमचा सेक्रेटरींकडे. ठराव पास झाला. मी त्या वेळी हात वर केला होता की खाली, हे मला अजून नीट आठवत नाही.

लोक माझ्याबद्दल म्हणत, तुळजाजींची नजर गेली. नजर गेली नव्हती. मी एन्नोरच्या वीजकेंद्रात सोळा वर्षं क्रेन चालवली आहे. दोन टनांचं धूड साठ फुटांवरून खाली आणून बोटभर फटीत ठेवलेलं आहे, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या विडीची राख पडली नाही. नजरेला काही झालेलं नव्हतं. एवढंच होतं, की बंदुकीच्या मागच्या टोकाला जी खाच असते ती धूसर दिसायची, पुढच्या टोकाला जो दाणा असतो, ज्याला माशी म्हणतात, ती दोन दिसायची, आणि मडकी तीन. यांतली कुठली माशी कुठल्या मडक्यावर ठेवायची, एवढाच प्रश्न होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात माझा पुतण्या रविकांत सिंगापूरहून आला. त्यानं माझ्या हातावर एक काळी नळी ठेवली, बोटाएवढी लांब, दोन्हीकडे काच. "काका, तुमच्या बंदुकीला. हे बटण फिरवा आणि आत बघा."

मी फिरवलं. काचेत एक लाल ठिपका उमटला. लहान, लख्ख आणि एकच.

"खाच नको, माशी नको," रविकांत म्हणाला. "ठिपका जिथं, छर्रा तिथं. दोन्ही डोळे उघडे ठेवून मारायचं."

मी नळी कपाटावरच्या गणपतीवर धरली, कॅलेंडरवर धरली, भिंतीवरच्या पालीवर धरली. जिथं धरली तिथं ठिपका. मी विचारलं, "ही बसवायची कुठं रे?"

"कुठंही बसवा. वरती," असं म्हणून तो विमानतळावर निघून गेला.

पुढचं सगळं त्या 'कुठंही'मुळं झालं.

डबीत एक कागद होता. मी अक्षरं चाळिशीनंतर शिकलो, त्यामुळं छापील कागदाबद्दल मला अजून आदर आहे. लहानपणी शाळेत गेलेल्यांना तो नसतो. मी चष्मा लावून, पाट मांडून बसलो. कागद जपानी होता. त्यात एक चित्र होतं, पण चित्रातली बंदूक आमच्या बंदुकीसारखी मुळीच नव्हती, आणि धरणारा माणूस तर आमच्यापैकी कुणासारखाच नव्हता.

वरच्या मजल्यावर नारायणस्वामी राहतात. रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. मी कागद उलटा धरून बघत होतो तेव्हा ते दाराशी आले, आणि त्यांना नळी, बंदूक आणि गोंधळ असं तिन्ही एकदम दिसलं.

"लांब," ते म्हणाले. "अगदी टोकाला. सिग्नल नेहमी लांब पाहिजे, सार. जवळचा सिग्नल दिसेपर्यंत गाडी त्याच्या पुढं गेलेली असते."

त्यांच्या मागोमाग त्यांच्या पत्नी कनकामामी आल्या. "काहीतरीच काय! डोळ्यासाठी आहे ना ते? मग डोळ्याशी लावा. चष्मा कुणी हात लांब करून धरतं का?"

"चष्मा निराळा, सिग्नल निराळा."

"तीस वर्षं सिग्नल बघितलेत, घरात समोर ठेवलेली किल्ली दिसत नाही."

या दोघांचं कॉफीत चिकोरी किती, यावरही अजून ठरलेलं नाही. मी शेजारधर्म म्हणून आधी यजमानांचं ऐकायचं ठरवलं. इथं माझी पहिली चूक झाली. यजमानांचं आधी ऐकलं, हे कनकामामी विसरल्या नाहीत.

सैदापेटला सुब्बाचं लेथचं दुकान आहे. सुब्बा बोलतो कमी. त्यानं बंदूक हातात घेतली, नळी हातात घेतली, आणि माझ्याकडे बघितलं.

"टोकाला बसव," मी म्हणालो.

"टोकाला ही माशी आडवी येते."

"काप."

"अय्या, कापली की कापली."

"काप म्हटलं ना," मी क्रेनवाल्या आवाजात म्हणालो. सुब्बानं करवत लावली. वडिलांच्या वेळची ती माशी लोखंडाच्या किसात जाऊन पडली. मला थोडं वाईट वाटलं, पण दोन दिसणारी वस्तू गेली तर एक तरी उरेल, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सराव. कठड्यावर पावडरचा रिकामा डबा ठेवला. बटण फिरवलं, ठिपका डब्यावर आला. आता बंदूक ताणायची, म्हणजे बंदुकीच्या नळीचं टोक धरून खाली ओढायचं. पण टोकाला ठिपका. मी ठिपकाच मुठीत धरला आणि ओढला. बंदूक ताणली गेली आणि ठिपकाही फिरला. मला काय कल्पना! मी ठिपका डब्यावर ठेवून चाप ओढला, आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाच्या पाण्याच्या टाकीला एक बारीक धार लागली.

टाकी नारायणस्वामींची होती. ते बनियनवर वर आले, धारेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सल्ला त्यांचाच होता. भोकात साबणाचा तुकडा कोंबत ते एवढंच म्हणाले, "सिग्नल बरोबर होता, सार. रूळ हलला."

कनकामामी खालून म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं?"

म्हणून परत सुब्बा. "आता अगदी मागं. डोळ्याशी."

"मागं ही खाच आडवी येते."

"तीही काढ."

सुब्बानं काहीतरी विचार केला, तो गिळला आणि खाच काढली. मी घरी आलो, गच्चीवर गेलो, गाल बंदुकीला टेकवला, नळी डोळ्याच्या इतकी जवळ की पापणी काचेला लागत होती. ठिपका असा सुरेख दिसत होता की काय सांगू. मी चाप ओढला.

छर्‍याची बंदूक उडते तेव्हा आतली स्प्रिंग सुटते, आणि बंदूक एक हिसका पुढं देते, एक मागं. इतकी वर्षं हा हिसका मला नुसता खांद्यावर ठाऊक होता. त्या दिवशी तो भुवईवर कळला. नळीच्या कडेचा वाटोळा लालभडक ठसा माझ्या उजव्या भुवईच्या वर उमटला. दुसऱ्या दिवशी दुधाच्या बूथवर एका गृहस्थांनी मला हात जोडून विचारलं, "कुठल्या क्षेत्राला जाऊन आलात?"

सकवारबाईनं, म्हणजे आमच्या घरातून, ठशावर हळद लावली. लावता लावता म्हणाली, "मी एक बोलू? व्यंकोजीला फोडू दे की मडकं. पंगत तरी वेळेवर बसेल."

"तुझा भाऊ म्हणून बोलतेस."

"भाऊ म्हणून कशाला? भुवई बघून बोलते."

त्या दिवशी मी दुसरा डोसा मागितला नाही. तिनं वाढलाही नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माणूस मानानं उपाशी राहिला, तर बाईला ते लगेच कळतं आणि ती त्याला राहू देते.

तिसऱ्यांदा सुब्बाकडं गेलो तेव्हा कुणाचं नाव घेतलं नाही. बंदूक त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "तुला काय वाटतं?"

सुब्बानं नळी बंदुकीच्या मधोमध धरली, जिथं ती मोडते त्याच्या थोडी मागं, जाड भागावर. "इथं. ताणताना हलत नाही, डोळ्याला लागत नाही."

"हे तुला केव्हा सुचलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं, अय्या. तुम्ही सांगितलं होतं."

सुब्बानं तिथंच स्क्रू आवळला. गच्चीवर पावडरच्या डब्याला पाचातले चार लागले. नारायणस्वामी म्हणाले, ही जागा म्हणजे जवळपास लांबच. कनकामामी म्हणाल्या, ही जवळपास जवळच. दोघंही आपापल्या जागी जिंकली आणि मी चार दिवस हवेत तरंगत होतो.

पाचव्या दिवशी व्यंकोजी आला. ऊंजलवर बसला, बहिणीच्या हातची कॉफी प्यायला, आणि झोके घेता घेता त्याची नजर कोपऱ्यातल्या बंदुकीवर गेली.

"भावोजी, हे काय नवीन?"

मी सांगितलं.

"लाल उजेड? म्हणजे लेझर?"

"लेझर नाही. नुसता ठिपका. काचेच्या आतल्या आत."

"तसं नाही भावोजी, माझी काहीच हरकत नाही. पण मी एकटा थोडाच आहे? मंडळ आहे. ऐंशी माणसं, बायकामुलं. उद्या कुणी विचारलं, तर सेक्रेटरी म्हणून मी काय दाखवू? पोलिसांचं एक पत्र आणा. साधं. आम्हाला हरकत नाही, एवढंच."

"अरे, पोलीस असलं पत्र देतात का?"

"न द्यायला काय झालं?" असं म्हणून त्यानं आणखी अर्धा पेला कॉफी मागितली. सकवारबाईनं दिली. मी बघत होतो.

दसऱ्याला सहा दिवस उरले होते. मी धोतरासारखी पांढरी वेष्टी नेसून, अर्ज लिहून पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज स्वतः लिहिला, दोन वेळा, दुसऱ्या वेळी समास सोडून. ठाण्यातला लेखनिक ते वाचून, वडीलधाऱ्याला बोलावं तसं, म्हणाला, "पेरियवरे, हवेच्या बंदुकीला लायसन लागत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर पत्र हवं."

"लागत नाही, तर पत्र कशाचं?"

"लागत नाही, याचं."

तो विचारात पडला. "जे लागत नाही त्याचं पत्र द्यायला लागलो, तर उद्या लोक येतील, लाटण्याला लायसन लागत नाही याचं पत्र द्या म्हणून."

"मग इतकंच लिहा, की पत्राची गरज नाही."

"लिहिलं की ते पत्रच झालं ना?"

त्याचं बरोबर होतं. मी दोन तास बाकावर बसलो. माझ्या शेजारी सायकल चोरीला गेलेला एक माणूस होता, तो माझी भुवई बघून म्हणाला, "तुम्हाला फारच मारलंय हो." शेवटी लेखनिकाला माझी दया आली की कंटाळा, ठाऊक नाही. त्यानं माझ्याच अर्जाच्या कॉपीवर 'मिळाला' असं लिहिलं, खाली गोल शिक्का हाणला आणि म्हणाला, "ही पावती. तुमचा अर्ज आम्हाला मिळाला, एवढाच याचा अर्थ."

मी ती पावती व्यंकोजीपुढं धरली. त्यानं मजकूर वाचलाच नाही. शिक्का बघितला, उजेडाकडे धरून पुन्हा बघितला, आणि पावती आदरानं फाइलीत लावली. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेला माणूस गोल शिक्क्यापुढं बोलत नाही.

आता फक्त आयुधपूजा आणि दसरा. आयुधपूजेच्या दिवशी आमच्याकडं घरातल्या एकूण एक हत्याराला चंदन-कुंकू लागतं. मिक्सर, विळी, शिलाईची मशीन, माझा जुना पाना, नातवाची कंपासपेटी, सगळ्यांना. पूजेत मांडलेली वस्तू त्या दिवशी उचलायची नाही, वापरायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आरती झाली की मग हात लावायचा. त्या गुरुवारी सुब्बानं मला त्याच्या लेथच्या पूजेला बोलावलं होतं. पोहे, चुरमुरे खाऊन मी घरी आलो तोवर सकवारबाईची पूजा आटोपलेली होती आणि बंदूक देवापुढं जास्वंदीच्या माळेखाली निजली होती. मी लांबूनच नमस्कार केला.

शुक्रवारी सकाळी बंदूक तागाच्या पिशवीत घालून आम्ही बसनं ट्रिप्लिकेनला गेलो. शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो. त्याच्या आत मडकं फुटायला हवं, नाहीतर बारापर्यंत थांबायचं, आणि बारापर्यंत थांबायची तयारी आमच्या मंडळात कुणाच्याच पोटाची नव्हती. सव्वानऊला सगळे जमले. व्यंकोजीनं दोन शब्द बोलायला घेतले. दोन शब्दांत आमचे पूर्वज तंजावरला पोचायलाच अर्धा तास लागला. दहा वाजून बारा मिनिटांनी त्यानं माझं नाव पुकारलं, आणि स्वतः वही घेऊन केळीच्या खांबाशी जाऊन उभा राहिला. पंच म्हणून.

मी पंधरा पावलांवर उभा राहिलो. बंदूक ताणली, छर्रा घातला, गाल टेकवला. आत लाल ठिपका होता. रोजच्यापेक्षाही मोठा, भरघोस. मनात म्हटलं, दिवसाचं माहात्म्य आहे. ठिपका मडक्यावर ठेवला आणि चाप ओढला.

मडकं हललं नाही. उजवीकडच्या भिंतीचा पोपडा पडला.

"एक," व्यंकोजीनं वहीत लिहिलं.

घाई झाली असेल. मी श्वास सोडला, ठिपका पुन्हा मडक्यावर आणला, मनात दहा मोजले. दुसरा छर्रा मडक्याच्या उजव्या अंगानं, बराच वरून निघून गेला आणि मागच्या नारळाच्या झाडात शिरला.

"दोन."

अंगणात असं शांत झालं, की आतल्या सांबाराची उकळी ऐकू येत होती. नारायणस्वामी पाहुणे म्हणून आले होते. ते हळूच जवळ आले. "सार, बटण चालू आहे ना?"

"ठिपका दिसतोय म्हणजे चालूच असणार की!"

पण मी बघितलं. बटण बंद होतं. मी ते त्या सकाळी फिरवलंच नव्हतं, कारण ठिपका आधीपासून दिसत होता. मग मी बंदूक उलटी करून पुढची काच बघितली. काचेच्या बरोबर मधोमध कुंकवाचं ठसठशीत वाटोळं बोट होतं, आणि चंदनाचा टिळा वर, नळीच्या पाठीवर.

"तुम्हीच म्हणत होतात ना, हा बंदुकीचा डोळा आहे म्हणून," बायकांतून सकवारबाईचा आवाज आला, पण तो रोजच्यापेक्षा बारीक होता. "मग कपाळ दुसरं कुठलं असणार?"

मी बटण फिरवलं. खरा ठिपका पेटला असेल, पण मधोमध कुंकू, त्याच्या मागं मडकं. काही दिसेना. दहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. कुणाचा तरी जावई, बेंगळूरला इंजिनिअर असलेला, तो म्हणाला, "सिंपल आहे. पुसून टाका की!"

सईबाई आमच्यात सगळ्यांत थोरल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी काठी आपटली. "काय पुसा म्हणतोस रे? दसऱ्याच्या दिवशी, बायकोनं लावलेलं कुंकू, नवऱ्याच्या हातानं? जीभ झडेल."

जावई मागं सरकला. बायकांमध्ये कुजबूज झाली. मी व्यंकोजीकडं बघितलं. त्यानं 'पुसा' म्हटलं असतं तर पाप माझ्या माथी आलं असतं, 'पुसू नका' म्हटलं असतं तर मान त्याच्याकडं गेला असता; दोन्हीकडून त्याचा फायदाच होता. पण कुंकू त्याच्या सख्ख्या बहिणीचं होतं. त्यानं वही मिटली. "भावोजी," तो हळू बोलला, आणि पहिल्यांदाच त्यात सेक्रेटरी नव्हता, "राहू द्या. मी वहीत काही वाईट लिहीत नाही."

तो चांगल्या मनानं बोलला, म्हणूनच ते जास्त लागलं. एकतीस वर्षांचा मान माझ्या हातून असा समजूतदारपणे जायला लागला होता.

मी खिशातून चार आण्याचं नाणं काढलं. सुब्बाचा स्क्रू फिरवला. सतरा दिवस जिच्या जागेवर गल्ली भांडली ती नळी उतरवली, कुंकू न मोडता दोन्ही हातांनी धरली, आणि नेऊन सकवारबाईच्या ओंजळीत ठेवली. मग परत आपल्या जागी आलो.

आता बंदुकीवर खाच नव्हती, माशी नव्हती, नळीही नव्हती. एक गुळगुळीत लोखंडी पाइप होता. मी तो उचलून मडक्याकडं धरला. मडकी तीन दिसली. कदाचित चार. दहा पंचवीस झाले होते. मी बंदूक खाली न घेता, वळून न बघता म्हणालो,

"सकवार, मला मडकं दिसत नाही."

एवढंच. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते ऐंशी माणसांपुढं सांगून झालं. सईबाईंची काठीही वाजली नाही.

पैंजणांचा नाही, कोल्हापुरी चपलांचाही नाही, तिच्या जुन्या रबरी स्लिपरांचा फटफट आवाज माझ्या मागं येऊन थांबला. उजव्या खांद्यामागं.

"डावीकडं घ्या," ती म्हणाली.

मी घेतली.

"आणखी. एवढी नको, बस ऽ बस. आता खाली."

"किती?"

"खाली म्हटलं की खाली. आणखी थोडं. थांबा. श्वास धरू नका, सोडा." तिचा हात माझ्या पाठीला लागला. "हं. आता."

मी चाप ओढला.

टप् असा आवाज झाला, अगदी लहान. मग मडक्याच्या पोटातून बोटाएवढी जाड पिवळी धार निघाली, उन्हात चमकली आणि सरळ वही धरून उभ्या असलेल्या व्यंकोजीच्या पांढऱ्या वेष्टीवर पडली. मग मडक्याचा अर्धा भागही खाली आला.

"फुटलं!" कुणीतरी ओरडलं.

"एक मिनिट," व्यंकोजी हळदीच्या पाण्यात उभा राहून म्हणाला, "ठरावात एका माणसानं मारायचं असं आहे. इथं दोघांनी..."

"अप्पळम थंड होतायत!" आतून पापड तळणारा आचारी ओरडला.

ऐंशी माणसं एकदम हॉलकडं वळली. ठरावावर मतदान झालं ते असं. व्यंकोजीनं वहीत नुसतं 'फुटलं' एवढंच लिहिलं, आणि वेष्टी पिळत पंगतीला येऊन बसला. माझ्याच शेजारी. मी त्याला शमीचं पान दिलं, त्यानं मला दिलं, आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी अक्काला घेऊनच या." मी म्हणालो, "ठराव मांड." त्यावर तो मनापासून हसला.

परत जाताना बसमध्ये गर्दी नव्हती. दोघांना एका बाकावर जागा मिळाली. बंदूक पायाशी, नळी तिच्या पदराच्या गाठीत. मी विचारलं, "तुला तेवढं लांबचं इतकं स्पष्ट कसं दिसलं ग?"

"मला कुठं दिसलं? माझा चष्मा काल पूजेत ठेवला, त्यालाही कुंकू लावलं, तो तसाच देवापुढं राहिला. सकाळपासून मला समोरचं माणूस ओळखू येत नाही. त्या सईबाईंना मी कनकामामी समजून बोलत होते."

"मग डावीकडं, खाली, हे कशावरून?"

"तुम्ही नेहमी उजवीकडं आणि वर जाता, त्याच्यावरून. खिळा ठोकलात तर उजवीकडं, वर. देवाची तसबीर टांगलीत ती तशीच. पत्राला तिकीट चिकटवता तेही. मडकं कुठं आहे ते मला काय माहीत? तुम्ही कुठं चुकता, तेवढं माहीत आहे."

बस माउंट रोडच्या वळणाला आली तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडं अगदी जवळून, डोळे बारीक करून बघितलं, अंगठा ओला केला, आणि सकाळी घाईत लावलेलं माझ्या कपाळावरचं गंध थोडं डावीकडं आणि थोडं खाली सरकवलं.